स्टीलची बॅकप्लेट घेतली, आता पट्ट्यातले शिसे किती काढायचे?

विश्वामित्री | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आधी एप्रिलमध्ये अंदमानात काय झाले ते सांगते, मग प्रश्न विचारते.

सहा वर्षे मी जॅकेटच्या बीसीडीवर (हवा भरून-सोडून पाण्यात वरखाली सांभाळायचे जॅकेट) डायव्हिंग केले. अंगभर ३ मिमीचा वेटसूट, अल्युमिनियमची नेहमीची ११ लिटरची टाकी आणि कमरेच्या पट्ट्यात ६ किलो शिसे. हा आकडा कोर्सच्या वेळी कुणीतरी ठरवून दिला आणि तोच पुढे चालत आला. फेब्रुवारीत मी बॅकप्लेट आणि विंगवर आले, म्हणजे पाठीला धातूची प्लेट आणि तिच्यामागे हवेची पिशवी. विंग बाहेरून मागवली. प्लेट मात्र इथेच बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत), ३ मिमीच्या स्टेनलेस पत्र्यातून कापून घेतली. वर्कशॉपवाल्या काकांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "बेन, ही पाठीला बांधून पाण्यात उतरणार? मुद्दाम?" पण काम त्यांनी फार मन लावून केले. मधली घडी तर इतकी सरळ आली की टाकी पहिल्याच वेळी खाचेत चपखल बसली.

तर अंदमान. बोटीवर गाईडने विचारले, "नेहमी किती घेता?" मी म्हटले, "सहा." त्याने सहा दिले. पाठीवर स्टील आहे हे त्याला दिसत होते, मला तर ठाऊकच होते, पण दोघांपैकी कुणीच त्यावर बोलले नाही. विंगमधली हवा सोडली आणि मी सरळ तळाकडे निघाले. उजवा कान मोकळा होईना. इन्फ्लेटरचा, म्हणजे विंगमध्ये हवा भरायचा, पाइप जॅकेटपेक्षा आखूड, हात सवयीच्या जागी गेला तर तिथे बटण नाही. ९ मीटरवर वाळूत गुडघे टेकले तेव्हा कानात सुई टोचल्यासारखे होत होते. पुढची सगळी डाइव्ह विंगमध्ये हवा भर, सोड, पुन्हा भर, यातच गेली. एरवी मला ४५ मिनिटे पुरणारी हवा २८ मिनिटांत ५० बारवर, म्हणजे टाकीच्या पाव भागावर आली. कान धरल्यामुळे पुढच्या चार डाइव्ह रद्द कराव्या लागल्या.

दिवाळीनंतर मालवणला जायचे ठरते आहे. प्लेट घरच्या काट्यावर २.६ किलो भरते. म्हणजे ६ वजा २.६, साधारण साडेतीन किलो शिसे घेतले की झाले, हे बरोबर आहे का? की यात काही सुटते आहे? पाण्यात उतरून कळण्याआधी जमिनीवर कळले तर बरे, म्हणून विचारते.

---

उत्प्लावक | १२ ऑक्टोबर, रात्री १०:२५

कान आता पूर्ण बरा आहे ना? डॉक्टरांना दाखवल्याशिवाय खाली जाऊ नका.

वजाबाकीची दिशा बरोबर आहे, आकडा नाही. मी बत्तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले, त्यामुळे आर्किमिडीजपासून सुरुवात केल्याशिवाय राहवत नाही. काट्यावरचे वजन इथे उपयोगाचे नाही, वस्तू पाण्यात किती ओढते ते पाहायचे. स्टेनलेस स्टील पाण्याच्या सुमारे ८ पट जड. म्हणून तुमची २.६ किलोची प्लेट साधारण एक तृतीयांश लिटर पाणी बाजूला सारणार आणि पाण्यात २.३ किलोच्या आसपास ओढणार. शिसे पाण्याच्या ११ पटींहून थोडे अधिक जड, त्यामुळे १ किलो शिसे पाण्यात सुमारे ९१० ग्रॅम ओढते. प्लेटची तुलना करायची ती या ९१० शी.

हा फरक थोडाच आहे. मोठा फरक दुसरीकडे आहे. तुम्ही प्लेट *घातलीत* ते मोजलेत. जे *काढलेत*, ते जॅकेट, त्याचे काय? ते पाण्यात तरंगते की बुडते, हे कधी पाहिले आहे का?

---

खारे पाणी | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

सरांनी नेमके बोट ठेवले. मी मालवणला शिकवतो, दर सीझनला हा प्रकार एकदोनदा बघतो.

जॅकेटच्या पाठीला आणि खांद्यांना फोमच्या गाद्या असतात. त्यात हवा अडकते. शिवाय खिसे, दुहेरी कापड, प्लास्टिकची पाठ. आतली हवा पूर्ण काढली तरी जॅकेट स्वतः वर ओढत राहते. कुठले अर्धा किलो, कुठले दीड किलो. म्हणजे तुमच्या सहापैकी काही शिसे फक्त जॅकेटला बुडवायला लागत होते. जॅकेट गेले की ते शिसेही गेले पाहिजे, आणि वरून प्लेटचे वेगळे.

पण मला एक शंका आहे. तुमचे मूळचे सहा तरी बरोबर होते का? कोर्समध्ये शिकाऊ माणूस घाबरलेला असतो, छाती भरून श्वास धरतो. आपला साधा श्वास अर्ध्या लिटरचा, म्हणजे पाण्यात अर्ध्या किलोचा फरक. घाबरून भरलेली छाती तर एकदीड किलोने सहज वर उचलते. तो बुडावा म्हणून आम्ही एखादे वजन जास्त देतो. पुढे भीती जाते, पण वजन पट्ट्यात तसेच राहते. शंभर डाइव्ह झाल्यावरही पहिल्या दिवसाचे शिसे बांधून फिरणारी माणसे मी पाहिली आहेत.

बरोबर वजन ठरते डाइव्हच्या शेवटी. भरलेल्या ११ लिटरच्या टाकीत साधारण २.६ किलो हवा असते. २०० बारवरून ५० वर आलात की त्यातली २ किलो तुम्ही श्वासातून सोडून दिलेली असते. अल्युमिनियमची टाकी भरलेली असताना थोडी बुडते आणि रिकामी होत आली की तरंगायला लागते. तेव्हा कसोटी अशी: टाकीत ५० बार, विंग पूर्ण रिकामी, ५ मीटरवर तुम्ही शांत श्वास घेत जागच्या जागी थांबू शकता का? थांबता आले तर वजन बरोबर. त्याहून १ किलोही जास्त नको.

---

दांडियाबाजारकर | १३ ऑक्टोबर, सकाळी ११:०५

डायव्हिंगमधले मला काही कळत नाही, पण पत्र्यातले कळते, मकरपुऱ्यातच काम करतो. प्लेट ३०४ ग्रेडच्या स्टीलची आहे की ३१६ च्या? खाऱ्या पाण्यासाठी ३१६ घ्यावा, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, क्लोराइडपुढे तो टिकतो. लोहचुंबक लावून हे कळत नाही, चुंबक दोन्हींना जवळजवळ चिकटत नाही. पत्रा घेतानाचे टेस्ट सर्टिफिकेट मागायचे.

दुसरे, पट्टा जातो त्या खाचांच्या कडा बोटाने तपासा. लेझर कटिंगनंतर कडेला बारीक धार राहते. डीबरिंग, म्हणजे ती धार घासून काढणे, नीट झाले नसेल तर पट्ट्याच्या विणीचे दोरे निघायला लागतील.

---

विश्वामित्री | १९ ऑक्टोबर, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. कान बरा आहे, डॉक्टरांनी पडदा नीट असल्याचे सांगितले आहे. दांडियाबाजारकर, पत्रा ३१६ चाच आहे, सर्टिफिकेटची प्रत मिळाली. आणि तुमचे खरे निघाले, डाव्या खांद्याच्या वरच्या खाचेला नख अडकत होते. काकांनी समोरच्या समोर घासून दिले, पैसे घेतले नाहीत.

आज रविवार, दिवसभर हाच उद्योग केला. गच्चीवर पाण्याचे निळे पिंप आहे, ते काठोकाठ भरले. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घेतला. प्लेट, हार्नेस, सगळ्या कड्या, बकल आणि आतली हवा चोळून काढलेली विंग, असा पूर्ण संच आधी कोरडा तोलला: ३.९ किलो. मग दोरीने पिंपात सोडला, तळाला किंवा कडेला टेकू दिला नाही. आकडा स्थिर व्हायला वेळ लागला, कारण विंगच्या घड्यांतून बुडबुडे येत राहिले. शेवटी २.३५ वर थांबला. नुसती प्लेट पाण्यात २.२७ भरली. उत्प्लावक सर, तुमचे २.३ चे गणित काट्याने खरे केले.

मग जुने जॅकेट. आतली हवा काढली, डंप व्हॉल्व्ह (हवा सोडायची झडप) उघडा ठेवला आणि पिंपात दाबले. हात काढला की बाहेर. पाठीची गादी पाण्याखाली धरून पिठासारखी मळली, दहा मिनिटे त्यातून हवा निघत होती. तरीही वर. १ किलोचे शिसे बांधले. ते तरंगत राहिले, खांदे पाण्याबाहेर. माझ्या आजीचे २०० ग्रॅमचे पितळी वजन घरात आहे, ते जोडले तेव्हा कुठे हळूहळू खाली गेले. ते दृश्य बघून मी काही वेळ तशीच पिंपाजवळ उभी राहिले. सहा वर्षे मी ही गादी बुडवायला शिसे वाहत होते.

हिशेब असा लावला: जॅकेट वर ओढत होते ते साधारण १.१ किलो. नवा संच खाली ओढतो २.३५. मिळून ३.४५. इतकी ओढ शिशाच्या भाषेत म्हणजे ३.४५ भागिले ०.९१, जवळपास ३.८ किलो. सहातून ते काढले तर २.२ किलो राहतात. माझे पहिले उत्तर साडेतीन होते! आणि एप्रिलमध्ये मी सव्वातीन-साडेतीन किलोची जादा ओढ अंगावर घेऊन उतरले होते.

---

मोतीबाग | १९ ऑक्टोबर, रात्री १०:००

मेहनत छान आहे, पण इतके काटेकोर कशाला? दोनेक किलो जास्त असले तर उतरताना सोपे जाते. जास्तीचे विंगमध्ये हवा भरून सांभाळता येते. विंग असते कशाला? वजन कमी पडून शेवटी वर उडण्यापेक्षा हे बरे.

---

खारे पाणी | २० ऑक्टोबर, सकाळी ५:५०

मोतीबाग, शेवटी वर उडण्याची भीती रास्त आहे, म्हणूनच ५० बारची कसोटी सांगितली. पण "विंगमध्ये हवा भरून सांभाळू" यावर मी शांत बसू शकत नाही, कारण गडबड तिथेच होते.

विश्वामित्रीताईंचीच डाइव्ह घ्या. साडेतीन किलो जास्त म्हणजे विंगमध्ये साडेतीन लिटर हवा जास्त. शिसे सगळीकडे तेवढेच ओढते, हवा तशी नाही. १२ मीटरवर दाब २.२ बार, ५ मीटरवर १.५. तीच साडेतीन लिटर हवा वर येताना फुगून पाच लिटरच्या पुढे जाते. म्हणजे तुम्ही काही न करता तुम्हाला दीड किलोचा वरचा धक्का बसतो. सोडली नाही तर तो वाढतच जातो. जास्त सोडली की खाली. ताई म्हणाल्या ना, भर-सोड, भर-सोड. तो हवेचा स्वभाव आहे, त्यांचा दोष नाही. जितकी कमी हवा विंगमध्ये, तितके पाण्यात शांत राहता येते. वेटसूट खोलीवर दबतो आणि सुरुवातीला टाकीतल्या हवेचे २ किलो असतात, तेवढ्याची भरपाई करायला विंग आहे. आपले चुकलेले शिसे उचलायला नाही.

आणि उतरताना अडते ते बहुतेक वेळा वजनामुळे नाही. पहिल्या दीड-दोन मीटरांतच अडते. नव्या सुटात हवा असते, माणूस नकळत पायांतल्या फिन्स मारत असतो, म्हणजे स्वतःलाच वर ढकलत असतो. पाय स्थिर, श्वास पूर्ण बाहेर, आणि सेकंदभर थांबायचे. पाणी घेते खाली.

---

मोतीबाग | २० ऑक्टोबर, सकाळी ९:१५

पटले. पाय मारण्याचे तर माझ्याच बाबतीत खरे आहे. पुढच्या वेळी लक्ष ठेवीन.

---

रेवाकाठ | २१ ऑक्टोबर, दुपारी १:३०

ताई, मीही बडोद्याचीच, कारेलीबागेत राहते. वीसेक डाइव्ह झाल्यात, मला पण प्लेटवर यायचे आहे. दोन प्रश्न विचारते.

१. शिसे इतके कमी होत असेल तर सरळ जाड प्लेट घेऊन पट्टा काढूनच टाकला तर? कमरेला काही टोचणार नाही.

२. इथल्या तरणतलावात वजन तपासून तोच आकडा समुद्रात चालेल का? आपल्याकडे समुद्र नाही. खंभातचे आखात नकाशावर जवळ दिसते, पण त्या गाळात आणि त्या भरती-ओहोटीत कोण उतरणार.

---

खारे पाणी | २१ ऑक्टोबर, रात्री ९:००

पहिल्याचे उत्तर देतो. पट्टा काढू नका. प्लेट पाठीला बांधलेली आहे, ती संकटात टाकून देता येत नाही. पट्टा येतो. विंग फाटली, वर आलात, पण पाण्याच्या वर राहायला काही नाही, अशा वेळी बकल ओढून २ किलो सोडून देता आले पाहिजे. तुम्ही अजून वीस डाइव्हवर आहात, तुमच्यासाठी तर हे जास्तच.

आणखी एक परीक्षा करून घ्या, अर्थात बडी (डाइव्हचा जोडीदार) किंवा प्रशिक्षक शेजारी असताना. डाइव्हच्या सुरुवातीला, म्हणजे टाकी सर्वांत जड असताना, ६-७ मीटरवर विंग रिकामी करा आणि नुसत्या फिन्सवर वर येऊन बघा. धाप न लागता येता आले तर संच तुमच्या ताकदीत आहे. जाड प्लेट, वर स्टीलची टाकी आणि अंगात नुसता पातळ रॅशगार्ड, हे एकत्र आले की ही परीक्षा बरेचदा नापास होते. स्टीलची टाकी रिकामी झाली तरी बुडते आणि टाकायला काही नसते.

---

उत्प्लावक | २१ ऑक्टोबर, रात्री ९:४०

दुसरा प्रश्न माझा. तोच आकडा चालणार नाही, पण फरक किती ते काढता येते.

समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. हे अडीच टक्के फक्त शिशावर लावायचे नाहीत, तुमच्यासकट पूर्ण भारावर लावायचे. समजा तुम्ही, सूट, टाकी, प्लेट, रेग्युलेटर, फिन्स मिळून ८२ किलो होतात आणि तरणतलावात अगदी समतोल आहात. समुद्रात तुम्हाला २ किलोहून थोडी जास्त उचल मिळेल. ती मोडायला सव्वादोन किलो शिसे.

एवढे करताना सूट तोच, टाकी तशीच, आणि टाकीत ५० बारच हवे. यातली एक गोष्ट बदलली की आकडा निरुपयोगी.

अवांतर: ही प्लेट मुळात फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांत जाणाऱ्या डायव्हर्सची, १९७० च्या दशकाच्या अखेरीची. ते दोन टाक्या पाठीला बोल्टने जोडत. दोन भोकांमधले २८ सेंटिमीटरचे अंतर तेव्हापासूनचे आहे. मकरपुऱ्यात कापलेल्या प्लेटलाही तेच असणार, बघा मोजून.

---

विश्वामित्री | २ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

मोजले सर. २८.

काल तरणतलावात गेले होते. इथे सुट्टीच्या दिवशी स्कूबाचा सराव घेणारे एक प्रशिक्षक आहेत, त्यांनी वेळ आणि टाकी दोन्ही दिले. बाकी सगळे तलावात डुंबून निघाले तेव्हा ३ मिमीचा सूट घालून मी घामाने भिजले होते, पण सूट तोच हवा ना. टाकीतली हवा आधी पाण्यात सराव करत ५० बारवर आणली. पट्टा काढून काठावर ठेवला. एक ग्रॅम शिसे नाही.

विंग रिकामी केली, साधा अर्धा श्वास धरला आणि शांत राहिले. पाणी डोळ्यांच्या पातळीवर आले आणि तिथेच थांबले, मग अगदी संथपणे कपाळावर चढले. श्वास सोडला तशी खाली गेले. प्रशिक्षक म्हणाले, किंचित जड आहात, पावकिलोने. माझा हिशेब समुद्रासाठी २.२ म्हणत होता, सरांचा सव्वादोनचा फरक शून्यात मिळवला की तिथेच येतो. पावकिलो वजा केले तर २. दोन वेगळ्या वाटांनी एकाच आकड्याला आले, यावर माझा विश्वास बसायला लागला आहे.

रेवाकाठ, पुढच्या वेळी कळव, आपण दोघी जाऊ. एकटीने करायचे काम नाही हे.

---

रेवाकाठ | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:००

नक्की येते ताई! एक विचारू? विमानात देशांतर्गत १५ किलो सामान. त्यात ही प्लेट वाहून न्यायची आणि शिसे तर तिकडे फुकट मिळते. मग अल्युमिनियमची प्लेट का नको?

---

विश्वामित्री | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४०

अगदी योग्य प्रश्न आहे आणि तुझ्यासाठी कदाचित तेच बरे. अल्युमिनियमची साधारण ९०० ग्रॅमची असते आणि पाण्यात जेमतेम अर्धा किलो ओढते. मग स्टीलच्या मानाने १.७ किलोची ओढ कमी पडते, म्हणजे पट्ट्यात आणखी पावणेदोन-दोन किलो शिसे, जे तिकडे मिळेल. शिवाय टाकून देता येईल असे वजन जास्त राहते.

मी स्टील घेतले ते कमरेमुळे. सहा किलो पट्टा दोन डाइव्हनंतर माझ्या माकडहाडाच्या वर काचायचा, रात्री कुशीवर वळवत नसे. ते वजन आता पाठभर पसरले आहे. आणि मी कोकण रेल्वेने कुडाळला उतरते, तिथे बॅग कोण तोलतो.

---

विश्वामित्री | २३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

मालवणहून परत आले. तीन दिवस, सहा डाइव्ह. सविस्तर लिहिते, कारण हा धागा नसता तर मी पुन्हा साडेतीन किलो बांधून उतरले असते.

पहिल्या डाइव्हला २ किलो घेतले, दोन्ही बाजूंना एकेक. बोटीवरच्या मुलाने विचारले, "बस एवढेच? अजून दोन देऊ?" मी त्याला प्लेट दाखवली आणि आकडा कसा काढला ते सांगितले. एप्रिलमध्ये हेच बोलायचे राहिले होते. त्याने मान हलवली आणि वर एकेक किलोची दोन वजने स्वतःच्या पट्ट्यात जास्तीची घेतली, लागली तर मला द्यायला. मला ते फार आवडले.

श्वास सोडला, पाय स्थिर ठेवले. दोन सेकंद काहीच झाले नाही. मग पाणी मास्कवरून वर गेले आणि मी दोरीच्या बाजूने इतकी सावकाश उतरले की दर हातभर अंतरावर कान मोकळा करायला वेळ मिळाला. उजवाही. खडकाजवळ ८ मीटरवर विंगमध्ये दोनदा हलके बटण दाबले, तेवढे पुरले. दृश्यमानता चार-पाच मीटर होती, पण समोरच्या कपारीत एक खेकडा नांगी पुढेमागे करत होता, त्याच्यापासून हातभर अंतरावर मी हात न हलवता थांबू शकले. सहा वर्षांत हे कधी जमले नव्हते. वाळू उडाली नाही.

शेवटी ५० बार, ५ मीटर, विंग रिकामी. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. तीन मिनिटे तशीच. डाइव्ह ५१ मिनिटांची झाली.

आता जे नीट झाले नाही ते. पहिल्या डाइव्हला माझे डोके खाली आणि पाय वर जात होते. सहा किलो कंबरेवर होते तेव्हा पाय खाली लोंबायचे, मी तिरपी पोहायचे. ते वजन पाठीवर, फुप्फुसांच्या मागे गेले तसा तोल पुढे सरकला. त्यात अल्युमिनियमची टाकी रिकामी होताना तिचे बूड हलके होत वर येते, म्हणून शेवटी शेवटी जास्त जाणवले. दुसऱ्या डाइव्हला टाकी पट्ट्यांमध्ये चार सेंटिमीटर खाली घेतली. बरेच सुधारले. तिसऱ्याला कमरेवरची दोन्ही वजने बकलच्या बाजूने मागे, पाठीकडे सरकवली आणि मग आडवी राहिले. टाकी याहून खाली घेऊ नका, बूड मांडीला लागायला लागते.

पृष्ठभागावर दुसरी अडचण. वर आल्यावर जुन्या सवयीने विंग टम्म फुगवली तर तिने मला पालथे घातले, तोंड पाण्यात. सगळी हवा पाठीमागे. विंग अर्धीच भरायची आणि खुर्चीत रेलल्यासारखे मागे रेलून फिन्स मारायच्या. हे कुणीतरी आधी सांगितले असते तर घोटभर खारे पाणी वाचले असते, म्हणून रेवाकाठ, तुला आत्ताच सांगते.

---

खारे पाणी | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:००

फार समाधान वाटले. विंग अर्धी भरण्याचे मीच सांगायला हवे होते, राहून गेले. क्रॉच स्ट्रॅप (मांड्यांमधून जाणारा पट्टा) घट्ट होता का? तो सैल असला की प्लेट मानेकडे सरकते आणि पालथे पडणे वाढते.

---

विश्वामित्री | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

सैल होता! दोन बोटांऐवजी हात जाईल इतका. आता आवळते.

---

दांडियाबाजारकर | २४ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

पत्रा कसा आहे? डाग पडले का?

---

विश्वामित्री | २४ नोव्हेंबर, दुपारी १:००

रोज गोड्या पाण्याने धुतली, डाग नाही. फक्त एका बोल्टभोवती चहासारखी पिवळट कड दिसते, तो बोल्ट बाजारातला साधा होता.

---

दांडियाबाजारकर | २४ नोव्हेंबर, दुपारी १:२०

बोल्ट ३१६ चाच हवा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. माझ्याकडे एम-८ पडले आहेत, वॉशरसकट. शनिवारी या, घेऊन जा.

---

रेवाकाठ | २४ नोव्हेंबर, दुपारी २:०५

काका, शनिवारी मीही ताईंबरोबर येते. अल्युमिनियमच्या प्लेटचा नकाशा घेऊन येते, कुठला पत्रा घ्यायचा ते सांगाल?

---

दांडियाबाजारकर | २४ नोव्हेंबर, दुपारी २:१५

सांगतो. येताना खांद्यापासून कमरेपर्यंतचे माप घेऊन ये, सूट घालून घेतलेले.